ड्रम सेटवरचा पहिला ठेका : हात बसले, पाय ऐकत नाही

मध्यलय

नमस्कार मंडळी. गेल्या अडीच महिन्यांपासून मी ड्रम सेट शिकत आहे. वय ४३, राहणे ठाण्यात, आणि शाळेत असताना तबल्याच्या प्रवेशिकेपर्यंत जाऊन सोडून दिले, एवढीच पूर्वपीठिका. जवळच्या एका क्लासमध्ये नाव घातले होते. तिथे तिसऱ्याच तासाला मला सगळ्या टॉमवरून (वरच्या छोट्या ड्रमांवरून) फिरत क्रॅशवर (मोठ्या झांजेवर) संपणारे एक लांबलचक फिल (ठेक्याच्या मधला भरणा) शिकवण्यात आले. ते मला येतेही. परंतु ज्या ठेक्यातून त्या फिलमध्ये शिरायचे आणि ज्या ठेक्यावर परत उतरायचे, तो ठेकाच मला सलग एक मिनिट धरता येत नाही. म्हणून क्लास तूर्त थांबवला असून घरी पॅडवर रोज अर्धा तास आणि भाड्याच्या सरावखोलीत आठवड्यातून दोनदा एक तास, असा एकट्याचा उद्योग चालू आहे.

ठेका अगदी प्राथमिक आहे, सगळ्यांना पहिल्यांदा शिकवतात तोच. हाय-हॅट म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी, ती उजव्या हाताने; स्नेअर म्हणजे समोरचा खणखणीत ड्रम, तो डाव्या हाताने; किक म्हणजे उजव्या पायाच्या पेडलने वाजणारा मोठा ड्रम. मोजताना मात्रेवर आकडा आणि मधल्या अर्ध्यावर 'न्' म्हणतो :

मोजणी : १ न् २ न् ३ न् ४ न्
हाय-हॅट : × × × × × × × ×
स्नेअर : – – × – – – × –
किक : × – – – × – – –

नुसते हात असतील तर ८० च्या लयीतही (मिनिटाला ८० मात्रा) जमते. पाय आला की पहिली दोन-तीन आवर्तने बरी जातात आणि मग चौथ्या मात्रेला, जिथे फक्त स्नेअर हवा, तिथे उजवा पायही दाबला जातो. दुसऱ्या मात्रेला असे सहसा होत नाही, चौथ्यालाच होते. पायाकडे लक्ष दिले की उजवा हात अडखळतो आणि हाताकडे दिले की पाय पुन्हा मोकळा सुटतो. यावर काही पद्धतशीर उपाय आहे, की नुसते वाजवत राहिल्याने ते आपोआप सुटते?

टिपरू

आपोआप सुटत नाही, हे अनुभवाने सांगतो. आमच्या ढोल-ताशा पथकात सरावाच्या पहिल्या आठवड्यात एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थापी यांचीच भांडणे लागतात, आणि ज्यांची भांडणे त्या आठवड्यात नीट मिटत नाहीत, त्यांची ती विसर्जनाच्या दिवशी रस्त्यावर ऐकू येतात. आमच्याकडचा उपाय साधा आहे : वाद्य बाजूला ठेवायचे आणि मांडीवर वाजवायचे. खुर्चीवर बसा, उजवा हात उजव्या मांडीवर, डावा डाव्या मांडीवर, पाय जमिनीवर. आवाज नसल्यामुळे आपण वाजवण्याच्या आनंदात वाहून जात नाही आणि चूक लगेच कळते.

विलंबित

मध्यलय, चूक नेमकी कोणत्या मात्रेवर होते हे तुम्हाला सांगता येते, ही मोठी जमेची बाजू आहे. मी पुण्यात बरीच वर्षे नवशिक्यांना शिकवत आलो आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना 'कुठेतरी चुकतंय' याच्या पुढे काही सांगता येत नाही. थोडे सविस्तर लिहितो.

या ठेक्यात तीन अवयव आहेत, म्हणजे जोड्याही तीन होतात : उजवा हात आणि पाय, उजवा हात आणि डावा हात, डावा हात आणि पाय. पहिल्या दोन जोड्यांचा सराव सगळे करतात. तिसरी जोडी, म्हणजे हाय-हॅट अजिबात न वाजवता नुसते किक-स्नेअर-किक-स्नेअर, हे इतके सोपे वाटते की कोणी करतच नाही, आणि तुमची तक्रार नेमकी त्याच जोडीची आहे. डावा हात स्नेअरवर जोर घेऊन खाली येतो तेव्हा उजव्या पायालाही त्याच्याबरोबर खाली यावेसे वाटते. जोर एका अवयवात कोंडून ठेवायची शरीराला सवय नसते. तेव्हा पुढचे सात दिवस रोजच्या अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटे ही एकच जोडी वाजवा. चालताना पावले पडतात तसे ते एकाआड एक, विचार न करता पडू लागले पाहिजे. उजवा हात त्यानंतर आणा, आणि तोही आधी फक्त आकड्यांवर, म्हणजे आवर्तनात चारच आघात. 'न्' वरचे आघात सगळ्यात शेवटी.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात महत्त्वाची : तुम्ही तबला शिकलेले आहात, तर पढंत करा, म्हणजे बोल आधी तोंडाने म्हणा. जे तोंडात बसलेले नाही ते हातात उतरत नाही, हे तबल्याच्या वर्गात तुम्ही नक्की ऐकले असेल. ड्रम सेटवर बसताच माणसे ते का विसरतात हे मला कळलेले नाही. किकला 'धुम्', स्नेअरला 'टक्' आणि मधल्या हाय-हॅटला 'त्स' म्हणा : धुम् त्स टक् त्स, धुम् त्स टक् त्स. आधी काड्या हातात न घेता, हातावर टाळी देत. मग वाजवताना मोठ्याने. ज्या आवर्तनात पाय चुकेल त्या आवर्तनात बहुधा तोंडही थांबलेले असते, ही गंमत स्वतः पाहा.

लय ६० ठेवा. या लयीत हाय-हॅटच्या दोन आघातांत बरोबर अर्धा सेकंद असतो आणि एक आवर्तन चार सेकंदांचे होते, म्हणजे चार मिनिटे न थांबता वाजवले की ६० आवर्तने झाली. ती ६० आवर्तने एकही चूक न होता गेल्याशिवाय ६१ वर जाऊ नका. ८० ला हात जमतात म्हणून पायालाही ८० ला ओढणे, ही तुमची दुसरी चूक आहे.

बसण्याची उंचीही तपासा. स्टूल इतके उंच असावे की मांडी कमरेकडून गुडघ्याकडे किंचित उतरती होईल. गुडघा कमरेच्या वर गेला की प्रत्येक किकला पूर्ण पाय उचलावा लागतो आणि पोटरी भरून येते. सुरुवातीला टाच पेडलवर टेकलेलीच ठेवा. आवाज कमी येईल, येऊ द्या.

जुना टाळकरी

विलंबित यांनी पढंतीचा मुद्दा काढला म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. मी ड्रम वाजवत नाही; तबला आणि भजनात पखवाज, एवढेच माझे क्षेत्र. परंतु मध्यलय यांची चूक वाचताच मला वाटले की त्यांच्या पायात केरवा, हा आठ मात्रांचा ताल, शिरला आहे.

त्यांच्या ठेक्यातले आठ हाय-हॅट म्हणजे आठ मात्रा धरा आणि खाली केरवा मांडा : धा गे ना ति, न क धि ना. पहिल्या मात्रेचा 'धा' किकशी जुळतो. तिसऱ्या मात्रेचा 'ना' चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) खणखणीत बोल आहे, तो स्नेअरशी जुळतो. पाचवी मात्रा केरव्याची 'खाली' (बिनजोराची मात्रा) आहे, तिथे बाया (डाव्या हाताचा खर्जाचा डग्गा) गप्प असतो. ड्रमवाले मात्र तिथे दुसरी किक मारतात. आणि सातवी मात्रा, म्हणजे त्यांच्या मोजणीतला ४, तिथे केरव्यात 'धि' आहे, बाया पुन्हा घुमतो. ज्याने लहानपणी हजार वेळा केरवा वाजवला आहे त्याच्या अंगाला सातव्या मात्रेला खर्जाचा आवाज हवाच असतो, आणि ड्रम सेटवर खर्ज उजव्या पायात आहे. दुसऱ्या मात्रेला पाय का चुकत नाही याचेही उत्तर त्यातच मिळते : ती केरव्याची तिसरी मात्रा, तिथे 'ना' आहे आणि डग्ग्याला काही काम नाही.

विलंबित

टाळकरीबुवा, हे फार सुंदर आहे आणि मी ते उद्या वर्गात सांगणार आहे. तरीही पूर्ण मान्य करत नाही. ज्यांनी आयुष्यात तबल्याला हात लावलेला नाही अशा मुलांचाही पाय चौथ्या मात्रेला स्नेअरबरोबर पडतो. आवर्तन संपत आले की पुढच्या 'एक'ची घाई होते आणि पाय आधीच निघतो, असे माझे निरीक्षण आहे. मध्यलय यांच्या बाबतीत दोन्ही कारणे एकत्र आली असतील.

एक मात्र तुमच्या मांडणीतून नीट पुढे येते. आपल्या कानाला जोर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ऐकायची सवय आहे. आरतीच्या टाळ्याही आपण तिथेच देतो. या ठेक्यात किक पाया धरते, परंतु कानाला टोचणारा आघात दोन आणि चारवर असतो. त्यामुळे नवशिका स्नेअरलाच 'एक' समजतो, आणि मध्ये कधीतरी त्याचे आवर्तन उलटे फिरते. जमैकाच्या रेगेमध्ये तर याच्याही पुढची पायरी आहे. तिथल्या 'वन ड्रॉप' ठेक्यात, जो बॉब मार्ले यांच्या 'द वेलर्स' या बँडमधल्या कार्लटन बॅरेट यांच्या वादनामुळे जगभर पोचला, पहिली मात्रा रिकामीच सोडतात आणि किक तिसरीवर येते. सम आहे, पण तिथे कोणी काही वाजवत नाही. तो आत्ता शिकू नका, फक्त ऐका.

जुना टाळकरी

पायाच्या घाईचा मुद्दा मान्य. तसेही पाय हा या वाद्यात उशिरा आलेला पाहुणाच म्हणायचा. मोठा ड्रम आणि छोटा ड्रम एकाच वादकाने हातांनीच वाजवण्याची रीत आधी होती. अमेरिकेतल्या लडविग यांचे मोठ्या ड्रमचे पेडल १९०९ मधले, आणि डाव्या पायाने मिटणाऱ्या झांजा १९२० च्या दशकात जमिनीलगत आल्या, मग दांड्यावर चढून हाय-हॅट झाल्या. आणि ज्यांना पायांचा हा कारभार टाळायचा आहे त्यांच्यासाठी आपल्या मुंबईचेच उदाहरण आहे : त्रिलोक गुर्टू, जन्म १९५१, गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. ते रूढ पद्धतीने स्टुलावर न बसता जमिनीलगत बसून तबला आणि ड्रम एकत्र वाजवतात. अर्थात तिथवर जायला आधी तबला तेवढा यावा लागतो.

तळमजला

मी वाजवत नाही. माझ्या वरच्या मजल्यावरचा मुलगा वाजवतो, आणि गेल्या वर्षभरात मी त्याचा सगळ्यात नियमित श्रोता झालो आहे. लोकांना वाटते की त्रास स्नेअरचा आणि झांजांचा होतो. ते आवाज हवेतून येतात आणि दारे-खिडक्या लावल्या की बरेच कमी होतात. स्लॅबमधून खाली उतरते ती फक्त किक. त्याने मध्यंतरी इलेक्ट्रॉनिक सेट घेतला आणि हेडफोन लावून वाजवू लागला, तेव्हा त्याच्या आईला वाटले की आता काहीच ऐकू येत नसणार. मला पायाचा आवाज पूर्वीइतकाच येत होता, कारण पेडलचा दणका जमिनीत जातो, त्याला हेडफोनशी देणेघेणे नाही.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात आणि रात्र १० ते ६ अशी धरतात, परंतु मी ते कधी दाखवले नाहीत. आम्ही संध्याकाळी ६ ते ७ ही वेळ ठरवून घेतली आहे. या चर्चेत मला सांगायचे आहे ते वेगळेच. नुसती किक ऐकून मला त्याची प्रगती अचूक कळते. चांगला दिवस असेल तर पंख्याच्या आवाजासारखी ती विसरायला होते. वाईट दिवशी मला प्रत्येक ठोका मोजावा लागतो.

अनुस्वार

तळमजला यांच्या शेजाऱ्याने लाकडी पाट बनवून घ्यावा. मी मेलबर्नमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते आणि खालच्या आजींनी मला चहाला बोलावून हा प्रश्न काढला होता. प्लायवूडचे दोन जाड तक्ते, खालच्याला गोल भोके, भोकांत टेनिसचे चेंडू आणि वर दुसरा तक्ता. संपूर्ण सेट आणि स्टूल त्याच्यावर ठेवायचे. चेंडू दाबले जातात आणि दणका खाली जायच्या आत बराचसा जिरतो. वाजवताना सुरुवातीला होडीत बसल्यासारखे वाटते, पण सवय होते.

मध्यलय, सरावखोलीत कानात प्लग घालता का? बंद खोलीत खरा सेट १०० डेसिबलच्या वर सहज जातो. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाकाठी ८ तास अशी असून, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. तुमचा एक तास त्याच्या चौपट आहे.

मध्यलय

प्लग घालत नव्हतो, आता घेतले आहेत. त्यांचा अनपेक्षित फायदा असा झाला की झांजांचा कल्ला कमी होऊन किक आणि स्नेअर वेगवेगळे ऐकू येऊ लागले.

तीन आठवड्यांचा अहवाल देतो. पहिले सात दिवस नुसती तिसरी जोडी केली. घरातल्यांना ती पॅड आणि उशीवरच्या टाचेची करमणूक फारशी रुचली नाही. चौथ्या दिवशी केव्हातरी पाय आणि डावा हात एकमेकांना सोडून पडू लागले. नेमके कधी ते कळलेच नाही. केरव्याचे निदान वाचून मी मुद्दाम एक प्रयोग केला : तोंडाने केरव्याचे बोल म्हणत हा ठेका वाजवून पाहिला. पहिल्याच आवर्तनात सातव्या मात्रेला पाय पडला. मग 'धुम् त्स टक् त्स' म्हणत वाजवला आणि सलग ११ आवर्तने स्वच्छ गेली. एकट्याच्या अनुभवावरून वादाचा निकाल लागत नाही हे मान्य, परंतु माझ्यापुरता एक गुण टाळकरीबुवांना.

आता ६० ला चार मिनिटे निभावतात. नवी अडचण अशी की फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकले तर पहिल्या मात्रेवर किक आणि हाय-हॅट एकत्र न पडता 'ट्‌धुम्' असे मागेपुढे ऐकू येतात. वाजवताना मात्र ते एकत्रच वाटतात.

विलंबित

याला आम्ही फ्लॅम झाला म्हणतो. मुद्दाम वाजवला तर अलंकार, नकळत झाला तर दोष. पेडल दाबल्यापासून गोळा कातड्याला लागेपर्यंत अंतर कापावे लागते, काडीला त्याहून कमी. तुम्ही दोन्ही एकाच क्षणी सोडता, म्हणून एकाच क्षणी पोचत नाहीत. पायाने किंचित आधी निघायला शिकले पाहिजे, आणि ते ऐकूनच शिकता येते. रोज दोन मिनिटे फक्त पहिल्या मात्रेचा आघात, किक आणि हाय-हॅट एकत्र, मध्ये तीन मात्रा शांतता. दोन आवाजांचा एक आवाज होईपर्यंत दुसरे काही नको.

उजव्या हाताचे सगळे आठ आघात सारख्याच जोराचे येत असतील तेही पाहा. आकड्यांवर काडीचा खांदा झांजेच्या कडेवर आणि 'न्' वर काडीचे टोक झांजेच्या पाठीवर, एवढ्याने ठेक्याला चाल येते. रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स तर स्नेअरच्या आघाताला हाय-हॅटवरचा हात बऱ्याचदा उचलूनच घेत, त्यामुळे त्यांचा स्नेअर एकटा आणि मोकळा ऐकू येतो. नक्कल करायची घाई करू नका, पण स्नेअरला जागा कशी मिळते ते त्यातून कळते.

हा ठेका कधी 'पुरेसा' होतो असा प्रश्न पडत असेल, तर मायकेल जॅक्सन यांचे १९८२ चे 'बिली जीन' ऐका. न्डूगू चान्सलर यांनी त्यात साधारण ११७ च्या लयीत मूलतः हाच ठेका वाजवला आहे, आणि गाणे संपेपर्यंत तो सोडलेला नाही. तुमच्या त्या क्लासने शिकवलेले फिल त्यात कुठे बसते ते शोधून पाहा.

जुना टाळकरी

एक शंका. ६०, ६१ असे आकडे लावून मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टोले देणाऱ्या यंत्रावर) इतका भर योग्य आहे का? आम्ही लेहऱ्यावर, म्हणजे पेटीवर फिरत राहणाऱ्या सुरावटीवर, रियाज करतो. लेहरा आवर्तन सांगतो, आपण कुठे आहोत आणि समेला किती उरले ते सुरांतून कळते. मेट्रोनोम नुसते ठिपके देतो. ठिपक्यांवर वाढलेल्या हाताला लय येते, पण डौल येतो का?

विलंबित

डौल येत नाही, हे खरे आहे, आणि मेट्रोनोमच्या आवाजाला टेकून वाजवणारा विद्यार्थी तो बंद केला की गडगडतो. म्हणून ठेका बसल्यावर मी मेट्रोनोम निम्म्यावर आणतो. ७० ची लय हवी असेल तर तो ३५ वर लावायचा आणि त्याचे टोले २ आणि ४ आहेत असे मानायचे. १ आणि ३ आपले आपण शोधायचे. स्नेअर बरोबर टोल्यावर पडला तर टोला ऐकूच येत नाही. लेहऱ्याची सर त्याला नाही, परंतु या ठेक्याला कोणी लेहरा धरत असेल तर मला कळवा, मी पेटीवाल्याला चहा पाजीन.

टिपरू

माझा चुलत भाऊ पेटी वाजवतो. चहावर भागणार नाही.

मध्यलय

आज नवी पायरी सुरू केली : तिसऱ्या मात्रेनंतरच्या 'न्' वर एक जादा किक, म्हणजे धुम् त्स टक् त्स धुम् धुम् टक् त्स. टाच उचलायची वेळ आता आली असे वाटले. तळमजला नुसत्या किकवरून प्रगती ओळखतात, म्हणून यावेळी फोन सेटजवळ न ठेवता सरावखोलीच्या बंद दाराबाहेर ठेवला, म्हणजे बहुतांश किकच मुद्रित झाली आहे. दुवा विलंबित आणि तळमजला या दोघांना निरोपातून पाठवला आहे. लय ६४.

तळमजला

ऐकले. पहिले मिनिटभर मी वर्तमानपत्र वाचू शकलो. त्यानंतर जोडकिकेतली दुसरी किक पहिलीच्या अंगावर येऊ लागली आणि मी मोजायला लागलो.

विलंबित

तळमजला यांच्याशी सहमत आहे. दुसरी किक पळते, कारण तिथे उजवा हात 'न्' वर हलका पडतो आणि पायाला धरायला काही राहत नाही. तो एक 'न्' तात्पुरता जोरात वाजवा आणि ५६ वर या.

मध्यलय

५६ वर आणले आहे. उद्या संध्याकाळी ७ ला खोली मिळाली आहे, फोन पुन्हा दाराबाहेर ठेवतो.